सोसायटीतला रेन ट्री सपाट छाटायचा म्हणतात. गावची ऐनाची झाडं छाटूनही जगतात, मग हा का नाही?

सुरंगी:
पुण्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मोठा रेन ट्री आहे, इमारतीच्या आधीपासूनचा. गेल्या पावसाळ्यात त्याची एक फांदी पार्किंगवर कोसळली, तेव्हापासून सगळे धास्तावलेत. ठेकेदार म्हणतो, "पंधरा फुटांवर सपाट मारतो, चार महिन्यांत हिरवागार होईल." मला ते बघवणार नाही, पण मीटिंगमध्ये मांडायला मुद्दा हवा. आमच्या संगमेश्वरकडच्या वरकसात, म्हणजे डोंगरउतारावरच्या जमिनीत, राबासाठी (भाताच्या रोपांची जागा पालापाचोळ्याने भाजायला) ऐनाची कवळं, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, तोडायचे, आणि ती झाडं आजोबांच्या आधीपासून उभी आहेत. मग हे झाड का जगणार नाही?

दोरकरवत:
ताई, मी दोरावर चढून छाटणीचं काम करतो आणि कवळं तोडतच मोठा झालो, म्हणून सविस्तर लिहितो.

ऐनाला कोयता लागतो तो झाड पोरसवदा असताना. फांदी मनगटाएवढीही नसते. कापाच्या कडेने धुमारे येतात, पुढच्या खेपेला तेच धुमारे त्याच जागी काढायचे. असं चालत राहिलं की तिथे गाठ धरते. त्या गाठीत नवे कोंब फुटायचे डोळे असतात आणि झाडाच्या अन्नाचा साठाही. वडील सांगायचे, कोयता गाठीच्या वरून फिरव, गाठीला लावू नकोस. तोड पौष-माघात, पाला गळायच्या आत, कारण राबाला पाल्यासकट कवळ लागतं. शेंड्याला झुपका राखायचा, म्हणजे झाड उपाशी राहत नाही. कापच बारीक, त्यामुळे तो लवकर मिटतो.

तुमच्या झाडाला ही सवय कधी लागलीच नाही. कंबरेएवढी फांदी मधूनच मारली की आतला गाभा उघडा पडतो. झाड जखम भरून काढत नाही, आतून भिंत घालून कूज अडवतं. अमेरिकेतले झाडांचे अभ्यासक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. एवढ्या रुंद कापाला ती भिंत पुरत नाही. चार महिन्यांत हिरवं होईल हे खरं आहे, पण धोका तिथेच आहे. ते धुमारे सालीलगतच्या डोळ्यांतून फुटतात, जुन्या फांदीसारखे लाकडात खोल रुजलेले नसतात. खाली कूज चढते, वर धुमारे जाड होतात आणि काही वर्षांनी वाऱ्यात तेच फाटून खाली येतात. म्हणजे आज ज्या भीतीने छाटताय, तीच भीती पुन्हा उभी राहणार.

काय करायचं? आधी वाळलेल्या आणि तडकलेल्या फांद्या काढा. लांब पसरलेल्या फांद्या आतल्या बाजूच्या दमदार उपफांदीपर्यंत आखूड करा. ती उपफांदी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. एकूण पाल्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त एका वेळी काढू नका. अख्खी फांदी काढताना पहिला काप खालून, खोडापासून हातभर लांब; दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी साल सोलत खाली येत नाही. मग उरलेला खुंट काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखी वळी असते. काप तिच्या बाहेरून घ्या. वळी कापली तर झाडाची भिंत घालायची जागाच गेली, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो.

परवानगीशिवाय फांदीलाही हात लावू नका. १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडं जतन कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं आणि त्यावरची झाडं हेरिटेज ट्री ठरतात, तेव्हा वयाचा मुद्दा अर्जात जरूर लिहा.

फाटक_नं_२:
हे सगळं ठीक, पण खालून लहान मुलं शाळेत जातात. झाड उन्मळून पडलं तर?

दोरकरवत:
तुमची काळजी रास्त आहे. मी खालूनच सुरुवात करतो. बुंध्याशी भूछत्रं आलीत का, एका बाजूची माती फुगून भेगाळली आहे का, झुकाव नव्याने वाढला आहे का ते बघा. लाकडी हातोड्याने खोड ठोका. पोकळ आवाज आला तर जाणकाराकडून नीट तपासून घ्या. झाड खरंच धोक्याचं निघालं तर मीही काढाच म्हणेन. पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडलेत का? निदान मीटरभर माती मोकळी करा. मुळं गुदमरलेली असताना वरची छाटणी काय कामाची? आणि चढायच्या आधी घरटी बघा. घारीचं घरटं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

सुरंगी:
मनापासून आभार. मीटिंगमध्ये हे वाचूनच दाखवते. एक विचारू? भाऊ मुंबईला गेला, दाढ (भाताच्या रोपांची जागा) भाजणं बंद झालं, त्यामुळे गावच्या ऐनांची तोड किती वर्षं झालीच नाही. गाठींवरच्या फांद्या आता जाड झाल्यात.

दोरकरवत:
त्यांना एकदम बोडकं करू नका. एवढ्या वर्षांनी सगळ्या फांद्या काढल्या तर झाड फुटेलच असं नाही. पहिल्या वर्षी सर्वांत जड आणि कलत्या तेवढ्या काढा, गाठीपासून थोडा खुंट ठेवून. काप जुन्या गाठीत घुसवू नका. पावसाळ्यानंतर धुमारे दमदार आले तरच पुढच्या वर्षी बाकीच्यांना हात लावा. शेंड्याचा झुपका शेवटपर्यंत तसाच ठेवा. नवे धुमारे गुरांना, शेळ्यांना आवडतात, तेव्हा त्या वर्षी वरकसात गुरं सोडू देऊ नका.