दादाचं डाएट, गोळ्या आणि आपला फॅमिली ग्रुप

ताई: सगळ्यांना हात जोडून विनंती. यापुढे दादाला डाएटचे चार्ट पाठवू नका. काल संध्याकाळी त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. वहिनीने शुगर बघितली तर 62.

वहिनी: साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, तेव्हा कुठे चढली. भात, ब्रेड, बटाटा, साखर, म्हणजे कार्ब (पिष्ट आणि साखर) असलेलं सगळं एका दिवसात बंद. गोळ्या मात्र होत्या तेवढ्याच. मी कोणाचं नाव घेत नाही.

मावशी: नाव घ्यायची गरजच काय? चार्ट मी टाकला होता. चांगल्या मनाने टाकला होता.

ताई: मावशी, तुझ्या मनाबद्दल कोण बोलतंय? त्या चार्टमध्ये गोळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं, एवढंच म्हणणं आहे.

मोठे काका: आमच्या वेळी ही थेरं नव्हती. सगळं खायचो, पोट तुडुंब भरायच्या आत उठायचो.

छोटू: आजोबा, हे नवीन नाहीये. 1863 मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंगने ब्रेड, साखर, बिअर, बटाटे सोडून वजन उतरवलं होतं. त्याने त्यावर पुस्तिकाही छापली.

मोठे काका: तो मधुमेहाच्या गोळ्या घेत होता का?

छोटू: तेव्हा त्या गोळ्याच नव्हत्या.

मोठे काका: मग त्याचं उदाहरण दादाला कशाला देतोस?

दादा: मी याच ग्रुपवर आहे, सगळं वाचतोय. काळजीबद्दल आभार. पण डाएट सोडणार नाही. पहिल्याच आठवड्यात काटा खाली आलाय.

ताई: सगळ्यांसाठी लिहिते. *शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब कमी करायचे नाहीत.*

धाकटी वहिनी: भाऊजी, आता बरं वाटतंय ना? दिवसभर क्लिनिकमध्ये होते, आत्ता वाचलं. डाएट सोडा असं मी म्हणणार नाही, आहारतज्ज्ञ म्हणून मी स्वतः लोकांना देते. पण पहिल्या आठवड्यात उतरतं ते बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, असतं, त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी. कार्ब तोडले की दोन्ही जातं. चरबी सावकाश उतरते, तेव्हा पुढच्या आठवड्यात काटा हलला नाही तर चिडून अजून उपाशी राहू नका.

दादा: आणि ही थरथर कशामुळे?

धाकटी वहिनी: तुमच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे ना? ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही भात खाल्लाय की नाही हे ती बघत नाही. खाणं अर्ध्यावर आलं आणि गोळी तेवढीच राहिली की शुगर घसरणारच. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तेच. नुसती मेटफॉर्मिनची गोळी असेल तर ही भीती खूप कमी.

मोठे काका: मला शुगरची डापाग्लिफ्लोझिन गोळी लिहून दिली आहे. मलाही लागू?

धाकटी वहिनी: काका, तुम्ही तर अजिबात मनाने सुरू करू नका. त्या गोळीवर कार्ब फार तोडले तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होतात ते) वाढून आम्ल साचू शकतं, आणि तेव्हा शुगर फारशी वाढलेली दिसेलच असं नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, यातलं काही झालं तर सरळ दवाखाना गाठायचा.

मोठे काका: मी कुठे सुरू करतोय? विचारून ठेवलं.

छोटू: मामा, प्रोटीन मात्र वाढवा. मी किलोमागे 2 ग्रॅम घेतो. माझी पावडर आणून देऊ?

वहिनी: नको. ओट्यावर आधीच तीन डबे आहेत. आणि एक सांगते, घरात दोन वेगळे स्वयंपाक मी करणार नाही. मागे ज्यूसच्या वेळी महिनाभर मिक्सर मीच धुतला.

दादा: ज्यूसचा विषय इथे काढायची गरज होती का?

वहिनी: होती.

मावशी: ज्यूसचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटणार. राहू दे.

*(मावशी ग्रुपमधून बाहेर पडल्या)*

ताई: झालं समाधान सगळ्यांचं?

*(ताईने मावशींना ग्रुपमध्ये घेतलं)*

ताई: मावशी, रागावू नकोस. गोळ्यांचं तेवढं वाच. *शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब कमी करायचे नाहीत.*

धाकटी वहिनी: छोटू, तू रोज वजनं उचलतोस, तुझं गणित मामांना लावू नकोस. साधारण निरोगी माणसाला किलोमागे 0.8 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पुरतं, वजन उतरवताना स्नायू टिकावेत म्हणून 1.2 पर्यंत नेतात. भाऊजी 84 किलो, म्हणजे शंभरेक ग्रॅम. पण आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघायचं. मूत्रपिंड कमी काम करत असेल तर जादा प्रोटीन नको.

दादा: शंभर ग्रॅम म्हणजे ताटात किती?

धाकटी वहिनी: एका अंड्यात 6 ग्रॅम. शिजलेल्या चिकनच्या छातीच्या 150 ग्रॅम तुकड्यांत 45 च्या आसपास. राहिलेलं मासे, दही, टोफू, डाळ यांतून. आणि एकाच जेवणात कोंबायचं नाही, तिन्ही वेळा वाटून घ्यायचं. वहिनी, वेगळा स्वयंपाक नकोच. भाजी, डाळ, चिकन सगळ्यांचं एकच. भाऊजींच्या ताटात भात कमी, पालेभाजी दुप्पट. पालेभाजी वाढवली नाही तर पोट साफ होणार नाही, ही तक्रार माझ्याकडे सगळ्यात जास्त येते.

वहिनी: एवढं जमेल.

मावशी: मला एक विचारायचं होतं, पण इथे विचारावं की नाही कळत नाही.

धाकटी वहिनी: विचारा ना मावशी 🙏

मावशी: मी अंडी-मांस खात नाही. डाळ चालते का? चार्टमध्ये डाळीवर फुली होती.

धाकटी वहिनी: चालते. शंभर ग्रॅम शिजलेल्या डाळीत प्रोटीन 9 आणि कार्ब 20 ग्रॅम. तेवढ्याच शिजलेल्या भातात कार्ब 28 आणि प्रोटीन तीनच्या आत. तो चार्ट कीटोचा होता, दिवसाला 20 ते 50 ग्रॅम कार्बचा. त्यात डाळ बसत नाही, म्हणून फुली. पण दिवसाला 130 ग्रॅम कार्बच्या खालच्या आहारालाही कमी कार्बच म्हणतात, त्यात डाळ आरामात बसते. तिथूनच सुरुवात करावी. आधी साखर आणि गोड पेयं, मग भात-ब्रेड अर्धा. सगळं एका सोमवारी नाही.

मोठे काका: एवढं करून इतर डाएटपेक्षा जास्त वजन उतरतं का?

धाकटी वहिनी: फारसं नाही, काका. स्टॅनफर्डचा 2018 चा मोठा अभ्यास आहे, 609 माणसं, एक वर्ष. कमी फॅट आणि कमी कार्ब, दोन्हीकडे वजन जवळपास सारखंच उतरलं. मधुमेहात मात्र सुरुवातीच्या महिन्यांत शुगरवर फरक चांगला दिसतो. म्हणून भाऊजींना करू दे म्हणते, पण गोळ्या बदलून.

छोटू: शनिवारी माझ्या वाढदिवसाच्या केकचं काय मग? 😄

दादा: एक तुकडा खाणार. कोणी बघत बसायचं नाही.

वहिनी: मी बघणार.

ताई: *शुगर किंवा बीपीच्या गोळ्या*

दादा: ताई, पाठ झालं! उद्या सकाळी अकराची वेळ घेतली आहे. तोवर नेहमीचं जेवण. बीपीच्या गोळीचंही विचारतो, उठताना गरगरतं.

धाकटी वहिनी: ते नक्की सांगा. कार्ब कमी केल्यावर लघवीवाटे मीठ-पाणी जास्त जातं, बीपीही उतरतं. मनाने मीठ वाढवू नका. आणि दोन्ही गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, नाव तोंडी सांगू नका. आठवड्याचे शुगरचे आकडे लिहून नेलेत तर डोस ठरवायला बरं पडेल.

दादा: आकडे कालचेच आहेत. मशीनच्या पट्ट्या संपल्या.

मावशी: माझ्याकडे त्याच मशीनच्या आहेत. संध्याकाळी घेऊन येते.