डीएल पासिंगची गाडी आपल्याकडं आणावी का?

मोंढानाका
जालना, बीड, परभणी, कुठल्याही जुन्या गाड्यांच्या यार्डात जा. डीएल (दिल्ली), एचआर (हरियाणा) नाहीतर यूपी-१६ (नोएडा) पासिंगच्या दोन-चार गाड्या रांगेत असतातच. राष्ट्रीय हरित लवादानं नोव्हेंबर २०१४ मध्ये १५ वर्षांवरच्या सगळ्या आणि एप्रिल २०१५ मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली परिसरातून बाद ठरवल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तेव्हापासून तिकडचा मालक डिझेल गाडी आठव्या-नवव्या वर्षीच काढायला बघू लागला आणि भाव पडला. तीच गाडी आपल्याकडं १५ वर्षांपर्यंत कायदेशीर चालते. धंदा उभा राहिला तो या फरकावर.

माझं मत असं की ही गाडी घेण्यात वावगं काही नाही. चुकतं ते हिशेबात. यार्डवाला ४ लाख सांगतो आणि गिऱ्हाईक तेवढेच धरतं. एमएच पासिंगचा कर मोजताना सुरुवात मूळ बिलाच्या किमतीपासून होते, तुमच्या खरेदीच्या किमतीपासून नाही. नव्या डिझेल गाडीला १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांत १४ आणि त्यावर १५, पेट्रोलला अनुक्रमे ११, १२, १३. जुन्या गाडीला वयाप्रमाणे यातून घट मिळते, पण १२ लाखांचं बिल असेल तर घट होऊनही आकडा अंगावर येतो. कंपनीच्या नावावर नोंदवायची तर दर २० टक्के. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण इथली नोंद झाल्यावर, तिकडच्या कार्यालयात अर्ज करून. ते पैसे हिशेबात धरूच नका.

कर, नव्या नंबरची पाटी, विमा, गाडी आणायचं ट्रेलरभाडं आणि आल्याबरोबर टाकायची बॅटरी-टायर, हे सगळं मिळवूनही इथल्या तशाच गाडीपेक्षा ७०-८० हजार वाचत असतील तरच दिल्लीकडं बघा. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी कारणासकट लिहा.

गोदाकाठ
माझा मुळातच विरोध आहे, आणि तो पैशाच्या हिशेबाचा नाही.

श्रीमंत देश जुन्या गाड्यांचं काय करतात ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल सांगतो की २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या गाड्या बाहेर गेल्या, त्यातल्या सगळ्यात जास्त, सुमारे ४० टक्के, आफ्रिकेत. तिकडं नियम कडक झाले की गाडी इकडं उतरते. दिल्ली आणि मराठवाडा यांच्यात आज तेच चाललंय, फक्त मध्ये समुद्र नाही.

त्यातही केनियासारखा देश आपल्यापेक्षा शहाणा ठरला. तिथं ८ वर्षांवरची गाडी उतरू देत नाहीत आणि जहाजावर चढायच्या आधी ज्या देशातून निघाली तिथंच तिची तपासणी होते. दिल्लीहून हिंगोलीला येणाऱ्या गाडीची अशी कुठली तपासणी होते? आरटीओत चेसिस नंबरचा छाप घेतात, गाडी वरवर बघतात, पीयूसी बघतात. डिझेलच्या पीयूसीत उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजतात, बस. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलाच जात नाही. ज्या धुरामुळं दिल्लीनं गाडी काढली, तोच धूर आपल्या पोरांनी का घ्यायचा?

पान्हा-१२
गोदाकाठ यांचं पीयूसीबद्दलचं बरोबर आहे. पण वय म्हणजे धूर नव्हे. नीट सर्व्हिस झालेली ९ वर्षांची गाडी आणि इंजेक्टर गेलेली ५ वर्षांची गाडी शेजारी उभी करा, काळा धूर दुसरी सोडेल.

मला बोलायचंय ते मीटरबद्दल. 'दिल्लीची गाडी, फक्त ६० हजार फिरलेली' हे वाक्य सगळ्यात जास्त फसवतं, मीटर खरं असलं तरीसुद्धा. शहरात सरासरी ताशी २० किलोमीटर धरा, ६० हजाराला इंजिन ३,००० तास चाललं. नांदेड-लातूर-सोलापूर करणारी गाडी सरासरी ५० नं पळाली तर तेवढ्याच किलोमीटरला १,२०० तास. म्हणजे दिल्लीच्या ६० हजाराची झीज इथल्या दीड लाखाइतकी. क्लच, रिलीज बेअरिंग, स्टार्टर, इंजिन माउंट, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी झडप) हे तिथल्या गाडीचे दुखरे भाग. आपल्याकडच्या गाडीचं उलटं असतं: इंजिन मोकळं, पण खड्ड्यांनी लोअर आर्म बुश, लिंक रॉड, शॉकॲब्सॉर्बर खाल्लेले. बुश-लिंक रॉड बदलणं स्वस्त, इंजिनचं काम महाग. तेव्हा तासांचा विचार करूनच भाव करा.

मीटर मागं फिरवलंय का हे बघायला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडी नंबरवर जुनी नोंद काढा, प्रत्येक खेपेचे किलोमीटर तिथं लिहिलेले असतात. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरचा आकडा दुसऱ्या मॉड्यूलमध्येही साठतो, चांगला स्कॅनर तो दाखवतो. क्लचचं पेडल गुळगुळीत आणि मीटर ४० हजार, असं असेल तर तिथंच थांबा.

इंजिन थंड असतानाच बघायला जा. बॉनेट उघडून आधी हात लावा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलंय, म्हणजे सकाळचं स्टार्टिंग लपवायचंय. गाडी तापल्यावर ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवा. ते थोडं थरथरलं तर चालतं, पण उडून पडलं किंवा धाप टाकल्यासारखा धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलंय.

पुरातली गाडी ओळखणं वेगळं. जुलै २०२३ मध्ये यमुनेचं पाणी दिल्लीत शिरलं होतं, आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी तर तिकडं दर पावसाळ्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या भागात पाण्याची रेघ किंवा वाळकी माती दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का, ते टॉर्चनं बघा. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलाय, आणि इंजिनच्या दिव्याबरोबरच विझत असेल तर त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडलीय.

रंगाची जाडी मोजायचं मीटर सोबत न्या. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. ३०० च्या पुढं गेलं की खाली पुट्टी आहे. दरवाजा-फेंडर रंगवलेला असेल तर सोडून द्या, पण पिलर, छत, एप्रन (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा) किंवा चेसिस लेगवर वेल्डिंग दिसलं तर गाडी फुकटातही नको.

दिल्लीच्या गाडीची एक जमेची बाजू मात्र आहे. मुंबईच्या गाडीला खारी हवा खालून खाते, दिल्लीचा पत्रा तसा कोरडा राहतो.

आरसीबुक
गाडी चांगली निघते आणि माणूस कागदावर फसतो, म्हणून क्रमानं लिहितो.

सगळ्यात आधी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बोजा (गाडीवरचं कर्ज), विमा, चलन आणि वाहनाचा वर्ग बघा. चलन बाकी असेल तर एनओसी (गाडी दुसरीकडं न्यायला आरटीओची ना-हरकत) अडते. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मालकाकडून मिळाल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. वर्ग बघायचा तो टॅक्सीची खासगी केलेली गाडी कळावी म्हणून. ती स्वस्त का आहे ते तिथंच समजतं.

मग एनओसी, म्हणजे फॉर्म २८. ती ज्या आरटीओच्या नावानं निघते तिथंच चालते. एमएच-२३ च्या नावानं काढून गाडी एमएच-४४ ला नेली तर परत दिल्लीची वारी. एजंट 'महाराष्ट्र' एवढंच बोलतो, तुम्ही बीड की अंबाजोगाई ते आधी ठरवा. डिझेलची एनओसी देताना ती कुठल्या जिल्ह्यात चाललीय हेही बघतात, तेव्हा आपला जिल्हा चालतो का हे पैसे द्यायच्या आधी विचारा. गाडीला १० वर्षं भरायला चार-सहा महिनेच उरले असतील तर नादी लागू नका. एक चलन किंवा एक सही अडली की तारीख उलटते आणि काम आणखी अडकतं.

हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबराला फॉर्म २७, सोबत गाडी चोरीची नाही याचा एनसीआरबी दाखला. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये आहे. 'वर्षभर डीएलवरच फिरवा' असं यार्डवाले सांगतात ते या कलमावरून. पण ही मुदत नंबर बदलण्याची आहे, नावावर करण्याची नाही. त्यासाठी ३० दिवस.

आता 'खुली गाडी'. मालकाच्या सह्या घेतलेले कोरे फॉर्म तीन हातांतून फिरतात आणि आरसीवर नाव पहिल्याचंच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी ताब्यात घेतली की फॉर्म २९-सी नं तशी नोंद करावी लागते. यार्डवाल्याकडं हे दोन्ही मागा. नसेल तर व्यवहार थेट मालकाशी करा, पैसे त्याच्याच खात्यावर टाका. नाव बदलताना ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. तो नंबर चालू आहे का ते पैसे देताना समोर फोन लावून बघा.

बालाघाट
हाच हिशेब करायचा तर परदेशातूनच जुनी गाडी का मागवू नये? दुबईत भारी गाड्या स्वस्त आहेत म्हणतात.

आरसीबुक
दुबईची गाडी डाव्या स्टेअरिंगची, ती इथंच बाद. परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती बनून ३ वर्षांहून जास्त झालेली नसावी, स्टेअरिंग उजवीकडं हवं, पुढं किमान ५ वर्षं चालण्याजोगी असल्याचा दाखला हवा, आणि उतरवायची फक्त मुंबई बंदरात. सोडवण्याआधी पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीई यांसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेत चाचणी. वर सीमाशुल्क. पुढं १५ वर्षांनी नोंदणी वाढवताना साध्या कारला ५,००० तर परदेशी कारला ४०,००० रुपये. म्हणून केनियासारखा जुन्या परदेशी गाड्यांचा बाजार आपल्याकडं उभाच राहिला नाही. त्याची जागा दिल्लीनं घेतली.

मोंढानाका
गोदाकाठ, तुमच्या धुराच्या मुद्द्यावर एक गोष्ट. बीएस-४ (गाडीच्या धुराचं सरकारी मानक, आकडा मोठा तेवढं कडक) दिल्ली परिसरात एप्रिल २०१० पासून होतं. आपल्याकडं ते देशभरासोबत एप्रिल २०१७ मध्ये सक्तीचं झालं. म्हणजे २०१४ ची दिल्लीची पेट्रोल गाडी बीएस-४ असणारच, परभणीत नोंदलेली त्याच वर्षाची गाडी बीएस-३ असू शकते. इथं बाहेरची गाडी आतल्यापेक्षा स्वच्छ निघते. मग सरसकट कचरा कसं म्हणायचं?

गोदाकाठ
पेट्रोलचं मान्य. २०१४ ची बीएस-४ पेट्रोल गाडी कुणी आणत असेल तर मी आडवा येणार नाही. पण यार्डात रांग कशाची आहे? डिझेल स्कॉर्पिओ, इनोव्हा, डिझायर. आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलही आता यायला लागल्या. त्यांचा डीपीएफ चोंदला की काय करतात ते पान्हा-१२ यांनी सांगावं.

पान्हा-१२
सांगतो, कारण हे चुकीचं काम वाढत चाललंय. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली काजळी धरणारी जाळी. ती स्वतःला साफ करते ते काजळी साधारण ६०० अंशांवर जाळून, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगानं पळावी लागते. दिल्लीच्या गर्दीत ते होत नाही. साफसफाई अर्धवट सुटली की जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. तेव्हा डिपस्टिक बघा: ऑइल खुणेच्या वर आणि त्याला डिझेलचा वास, म्हणजे जाळी चोंदलेली. नवी जाळी महाग पडते म्हणून काहीजण ती आतून पोकळ करतात आणि ईसीयूत (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात) प्रोग्रॅम बदलून दिवा बंद ठेवतात. टेलपाइपमध्ये पांढरा रुमाल फिरवा. जाळी शाबूत असेल तर रुमाल जवळपास कोरा निघतो, काळा झाला तर ती काढलेली किंवा फुटलेली आहे. अशी गाडी घेऊ नका, आपल्या मेकॅनिकलाही हे काम सांगू नका.

आणि हे फक्त दिल्लीचं दुखणं नाही. घर ते शेत पाच किलोमीटर, शेत ते मोंढा चार, अशीच गाडी रोज फिरत असेल तर इथंही जाळी चोंदणारच. त्या माणसानं बीएस-६ डिझेल घेऊच नये, मग ती दिल्लीची असो की संभाजीनगरची. आणखी एक, आल्या आल्या रेडिएटर धुऊन कंपनीचा कूलंट भरा. बोअरचं पाणी टाकाल तर दोन उन्हाळ्यांत क्षारांनी नळ्या बुजतील, आणि मग दोष दिल्लीच्या गाडीला.

बालाघाट
विम्याचं राहिलं. डीएल पासिंगवर असताना अपघात झाला तर क्लेम मिळतो का?

आरसीबुक
नाव कुणाचं आहे यावर आहे. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करावी लागते, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. समोरच्या माणसाच्या भरपाईचं उलटं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच जबाबदार, गाडी मधे कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे दिल्लीतल्या ज्या माणसानं सह्या करून गाडी सोडून दिली, गेवराईजवळच्या अपघाताची नोटीस त्याच्या घरी जाते. हे विकणाऱ्याला समजावून सांगा, मग तो स्वतःच नाव लवकर बदलून द्यायच्या मागं लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडंच राहतो. तेवढा हप्ता वाढीव धरा.

गोदाकाठ
हे सगळं वाचून माझं मत थोडं बदललं, पुरतं नाही. पेट्रोल, बीएस-४ किंवा पुढची, थेट मालकाकडून, नावासकट, तर ठीक. डिझेलसाठी मात्र केनियासारखी निघायच्या आधीची तपासणी हवीच: धूर, डीपीएफ, चेसिस, मीटर. ती नसेल तोवर १० वर्षांच्या काठावरची डिझेल गाडी आपल्या जिल्ह्यात उतरू नये.

मोंढानाका
तपासणीला माझा पाठिंबा आहे, काठावरच्या गाडीलाही नको म्हणतो. पण ७-८ वर्षांची, सर्व्हिसची नोंद असलेली डिझेल मी बाद धरणार नाही. पान्हा-१२ नी सांगितलेली टॉर्च, रुमाल आणि रंगाचं मीटर घेऊन जो जाईल, त्यानं ती बघावी.