फिलिपिन्सचे प्रेम बास्केटबॉलवर, पदके मात्र बॉक्सिंगची

पूर्वेचा वारा (धागालेखक)

२०२४ च्या पॅरिसपर्यंतचा हिशेब धरला तर फिलिपिन्सच्या नावावर ऑलिंपिकची १८ पदके आहेत आणि त्यांतली १० बॉक्सिंगमधली आहेत. बास्केटबॉलमधले एकही नाही. इतकेच नव्हे, तर १९७२ च्या म्युनिकनंतर त्यांचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये खेळलेलाच नाही. असे असूनही लुझॉनपासून मिंडानाओपर्यंत कोणत्याही वस्तीत बास्केटबॉलची कडी टांगलेली दिसते, मग ती नारळाच्या झाडाला का असेना. बॉक्सिंगचे रिंग मात्र शोधत हिंडावे लागते. या देशाचे दोन्ही खेळ मी वर्षानुवर्षे आवडीने पाहत आलो आहे आणि माझे मत असे बनत गेले आहे की फिलिपिन्सने आपल्या मुष्टियोद्ध्यांवर अन्याय केला आहे.

हा वारसा या देशाचा सर्वांत प्रसिद्ध मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाव याच्यापासून सुरू होत नाही. नेग्रोस बेटावरच्या इलोग गावातून आलेल्या पांचो व्हिलाने १८ जून १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जिमी वाइल्डला बाद केले आणि तो फ्लायवेट या हलक्या वजनी गटाचा जगज्जेता झाला. आशियातून असा मान मिळवणारा तो पहिलाच. दोन वर्षांनी दाताचे दुखणे अंगावर काढून तो जिमी मॅक्लार्निनशी लढला, संसर्ग घशापर्यंत पसरला आणि वयाच्या २३ व्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा अंत झाला. १९६० मध्ये क्वेझॉन सिटीतल्या अरानेटा कोलिझियमचे दार उघडले तेच मुळी गॅब्रिएल 'फ्लॅश' एलोर्डेच्या जगज्जेतेपदाच्या लढतीने, आणि तो किताब त्याने १९६७ पर्यंत सोडला नाही. ऑलिंपिकच्या १० पदकांत १९३२ चे होसे व्हिलानुएव्हा आणि १९६४ चे त्यांचे चिरंजीव अँथनी ही बापलेकांची जोडी आहे. १९९२ आणि १९९६ ची पदके वेलास्को बंधूंची आहेत. म्हणजे चार पदके दोन घरांनी दिली. हे ऐकायला कौतुकाचे वाटते, पण मला त्यात व्यवस्थेचा अभावच दिसतो: जे शिकवायचे ते बापाने पोराला आणि भावाने भावाला शिकवले.

बास्केटबॉलसाठी मात्र १९७५ मध्येच पीबीए (फिलिपीन बास्केटबॉल असोसिएशन) ही आशियातली पहिली व्यावसायिक लीग उभी राहिली. तिचे संघ शहरांचे नसून कंपन्यांचे आहेत; बिअरवाले, जिनवाले, टेलिफोनवाले आणि वीज कंपनीवाले एकमेकांशी भिडतात आणि त्यांच्या जाहिरातींचा पैसा याच खेळात फिरत राहतो. एवढे करून आंतरराष्ट्रीय सामन्यात उंची कमी पडते ती पडतेच, आणि मग अमेरिकेत जन्मलेल्या खेळाडूला नागरिकत्व देण्यासाठी खास कायदा करावा लागतो. जस्टिन ब्राउनलीसाठी तो जानेवारी २०२३ मध्ये झाला. बॉक्सिंगमध्ये ५१ किलोचा माणूस ५१ किलोच्याच माणसाशी लढतो. फिलिपिनो अंगकाठीला याहून न्याय्य खेळ कोणता असू शकतो, आणि त्याच्याच वाट्याला उरलेसुरले का यावे, असा माझा प्रश्न आहे.

---

शिट्टीवाला

धागालेखकांनी पदके मोजली, खेळणारे मोजले नाहीत. फिलिपिन्समध्ये प्रशासनाचे सर्वांत लहान एकक म्हणजे बरंगाय, आणि छप्पर घातलेले बास्केटबॉलचे मैदान नसलेले बरंगाय त्यांना अपुरे वाटते. त्या मैदानावर संध्याकाळी पोरे रबरी स्लिपर घालून तीन-तीनचे डाव खेळतात. सुगीत सकाळच्या वेळी तिथेच भात वाळत पडलेला असतो. लग्ने आणि सभा तिथेच होतात आणि वादळ आले की आसपासची कुटुंबे चटया टाकून तिथेच मुक्काम ठोकतात. फार काय, पॅकियावच्या लढतीही गावोगावी याच मैदानांवर पडदा लावून फुकट दाखवल्या जात. ज्या खेळाने गावाला अशी जागा मिळवून दिली, त्याने दुसऱ्या खेळाचे ताट ओढले असे म्हणणे मला पटत नाही.

उंचीचा मुद्दा तर इतिहासाला धरूनच नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा संघ केवळ अमेरिकेकडून हरला, पुढे कांस्यपदक घेणाऱ्या मेक्सिकोलाही त्याने हरवले होते आणि तरी बाद फेरीच्या रचनेमुळे त्याला पाचव्या स्थानावर समाधान मानावे लागले. १९५४ मध्ये रिओ द जानेरोच्या जागतिक स्पर्धेत कार्लोस लोयझागाच्या संघाने कांस्यपदक आणले. १९५१ च्या दिल्लीपासून १९६२ च्या जकार्तापर्यंत आशियाई क्रीडास्पर्धांची चारही सुवर्णपदके त्यांचीच होती. पुढच्या घसरणीत चीनच्या आगमनाचा वाटा मोठा आहे हे खरे, पण आणखी एक कारण आहे आणि ते कोणी सांगत नाही. १९७५ मध्ये पीबीए सुरू झाली आणि देशातले उत्तमोत्तम खेळाडू व्यावसायिक ठरले. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८९ पर्यंत व्यावसायिकांना दार बंद ठेवले होते. जवळजवळ दीड दशक हा देश आपला पहिला संघ घरी ठेवून दुसऱ्या फळीनिशी खेळत होता, आणि तशातही १९८५ च्या स्पर्धेत तो आशियाई विजेता झाला. दार उघडल्यावर १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पीबीएच्या खेळाडूंनी पहिल्याच फटक्यात रौप्यपदक मिळवले. याला उंचीचा शाप म्हणणार का?

आता बॉक्सिंगच्या न्याय्यपणाविषयी. पॅकियाव १९९५ मध्ये व्यावसायिक झाला तेव्हा १६ वर्षांचा होता, घर सोडून मनिलाच्या रस्त्यांवर झोपलेला होता, आणि सर्वांत हलक्या गटाचे वजनही भरत नव्हते म्हणून खिशात वजने लपवून काट्यावर उभा राहिला, असे पुढे त्यानेच सांगितले आहे. ज्याला कॉलेजच्या संघात जागा आणि फी-माफी मिळू शकते, तो मुलगा बास्केटबॉल निवडतो. ज्याला काहीच मिळण्यासारखे नसते, तो ठोसे खायला उभा राहतो. बॉक्सिंगची पदके हा त्या देशाच्या गरिबीचाही हिशेब आहे आणि तो वाढावा असे मी तरी म्हणणार नाही.

---

दर्यावर्दी

मी मालवाहू जहाजांवर नोकरी करतो आणि आमच्या खलाशांत निम्म्याहून अधिक फिलिपिनो असतात, म्हणून दोन शब्द लिहितो. मोटारी वाहून नेणाऱ्या एका जहाजावर गाड्या उतरवल्या की एक डेक रिकामा पडायचा. आमच्या फिटरने सळई वाकवून कडी केली आणि ती खांबाला वेल्ड केली. तिच्याखाली बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), कुक आणि इंजिनरूममधली पोरे अशी तुटून पडत की कॅप्टनने शेवटी "जखमी झालात तर ड्यूटी लावणार" अशी नोटीस लावली. बॉक्सिंगचे हातमोजे मात्र मी एकाही जहाजावर पाहिले नाहीत. पॅकियावची लढत लास व्हेगासला शनिवारी रात्री होई, म्हणजे त्यांच्या घरी रविवारची सकाळ. त्या दिवशी घरून फोनवर प्रत्येक फेरीची खबर यायची आणि मेसमध्ये जेवणाकडे कोणी बघत नसे.

तरीही शिट्टीवाल्यांनी हे दोन खेळ जसे समोरासमोर उभे केले, तसे ते माझ्या सोबत्यांच्या डोक्यात नाहीत. ते बास्केटबॉलसुद्धा मुष्टियोद्ध्याच्या वृत्तीने खेळतात. जुन्या लोकांना विचारा, ते रॉबर्ट जॅवोर्स्कीचे नाव काढतील; १९८५ मध्ये कोपर लागून ओठ फाटला, इस्पितळात टाके घालून घेतले आणि हा गडी तसाच परत येऊन सामना फिरवून गेला. त्या एका संध्याकाळच्या बळावर त्याची लोकप्रियता इतकी टिकली की १९९८ मध्ये तो सिनेटवर निवडून आला. या वृत्तीची काळी बाजूही आहे: जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध मैदानातच हाणामारी झाली, १३ खेळाडूंना बाहेर काढले गेले आणि फिलिपिन्सकडे पुरेसे खेळाडूच न उरल्याने सामना थांबवावा लागला. त्या दिवशी आमचा कुक शरमलाही होता आणि, खोटे कशाला सांगू, थोडासा खूशही होता.

---

स्वयंसिद्धा

वरच्या तिन्ही प्रतिसादांत "पोरे" आहेत, मुली कुठेच नाहीत. शिट्टीवाले म्हणतात तसे ते मैदान साऱ्या गावाचे असेल, पण संध्याकाळी चेंडू कोणाच्या हातात असतो? पीबीए ही पुरुषांची लीग आहे. कंपन्यांचा जो पैसा अर्ध्या शतकापासून तिथे फिरतो आहे, त्यातला मुलींपर्यंत फारच थोडा झिरपला. उलट टोकियोत बॉक्सिंगची तीन पदके आली, त्यांत नेस्ती पेतेसिओचे रौप्य होते. पॅरिसला बॉक्सिंगची दोन पदके आली आणि ती दोन्ही मुलींची, पेतेसिओ आणि आयरा व्हियेगास यांची. देशाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णही हिडिलिन डियाझ या वेटलिफ्टरने २०२१ मध्ये आणले. जिथे वजनाचे गट आहेत तिथे फिलिपिनो मुली पुढे आल्या, हा योगायोग नाही.

गरिबीच्या मुद्द्यालाही माझा आक्षेप आहे. एखादी मुलगी गरिबीतून बॉक्सिंगकडे आली म्हणून तिचे पदक हा गरिबीचा हिशेब ठरत असेल, तर तिला चांगला प्रशिक्षक, पुरेसा आहार आणि विमा मिळावा ही मागणी त्यातून निघायला हवी. "तो खेळ वाढू नये" हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो, हे शिट्टीवाल्यांनी समजावून सांगावे.

---

पूर्वेचा वारा

स्वयंसिद्धा यांनी माझे अर्धे काम केले. राहिलेले अर्धे असे, की बरंगायच्या मैदानांचे जे वर्णन वर आले आहे त्यात एक गोष्ट सुटली. त्या मैदानांच्या फळ्यांवर आणि छपरांवर स्थानिक नगराध्यक्षाचे किंवा खासदाराचे नाव ठळक अक्षरांत रंगवलेले असते. निवडणुकीच्या आधी रंग ताजा होतो. मैदान बांधणे हे तिथे मत मिळवण्याचे सर्वांत सोपे काम आहे, कारण ते दिसते. प्रशिक्षकाचा पगार आणि मेंदूची तपासणी यांवर कोणाचे नाव रंगवता येत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द पॅकियावच आहे. आठ वजनी गटांत जगज्जेतेपद मिळवणारा हा माणूस २०१४ मध्ये, पस्तिशीत, पीबीएच्या निवडप्रक्रियेत उतरला. ज्या संघाने त्याला घेतले त्याचा मुख्य प्रशिक्षकही तोच होता. पहिल्या सामन्यात काही मिनिटे खेळून एकही गुण न करता तो बाकावर परतला. पुढे २०१७ मध्ये त्याने स्वतःची लीग काढली, तीही बास्केटबॉलचीच. बॉक्सिंगने ज्याला सर्व काही दिले, त्यालाही मोठे काही उभारावेसे वाटले तेव्हा बास्केटबॉलच सुचावे, यातच या देशाचा कल दिसतो. आणि २०२५ च्या जुलैत, वयाच्या ४६ व्या वर्षी, मारिओ बारिओसविरुद्ध जागतिक किताबासाठी तो पुन्हा रिंगमध्ये उतरला आणि लढत बरोबरीत सुटली, तेव्हा मला कौतुकापेक्षा काळजी अधिक वाटली. त्याच्यानंतर जगज्जेते झाले, पण अख्खा देश रविवारी सकाळी ज्याच्यासाठी थांबेल असा कोणी झाला नाही.

---

शिट्टीवाला

स्वयंसिद्धा यांना आधी उत्तर देतो. मी "वाढू नये" म्हटले ते पदकांच्या हव्यासाने मुलांना रिंगमध्ये ढकलण्याबद्दल होते. प्रशिक्षक, आहार आणि विमा यांना माझा विरोध असण्याचे कारण नाही. मुलींच्या बास्केटबॉलची उपेक्षा मला मान्य आहे, तथापि २०१९ च्या आग्नेय आशियाई स्पर्धेत त्यांच्या महिला संघाने पहिल्यांदा सुवर्ण जिंकले, हेही नोंदवायला हवे.

पण धागालेखकांचा पॅकियावचा दाखला माझ्याच बाजूने जातो. ज्याने बॉक्सिंगचा मार्ग स्वतः चालून पाहिला, तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी बास्केटबॉलची लीग काढतो, यावरून त्याला काय कळले असेल? आणि नावे रंगवण्याबद्दल तक्रार असेल तर ती पुढाऱ्यांबद्दल करावी, चेंडूबद्दल नव्हे. २५ ऑगस्ट २०२३ रोजी विश्वचषकाच्या पहिल्या दिवशी बुलाकानच्या फिलिपीन अरीनात ३८,११५ प्रेक्षक जमले, हा त्या स्पर्धेतला विक्रम आहे, आणि संघ त्या दिवशी हरला. पहिले चारही सामने हरून पाचव्यात चीनवर ९६-७५ असा विजय मिळाला, तेव्हा जॉर्डन क्लार्कसनच्या ३४ गुणांवर लोक असे नाचले की जणू चषकच आला. पुढच्याच महिन्यात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ब्राउनलीने चीनला एका गुणाने मागे टाकले, अंतिम सामन्यात जॉर्डन देश ७०-६० असा हरला आणि ६१ वर्षांनी आशियाई सुवर्ण परत आले. कायदा करून आणलेला खेळाडू असेल, पण त्याच्याबरोबरचे अनेक जण याच बरंगायांच्या मैदानांतून आलेले नसते तर एकट्याने काय केले असते?

---

दर्यावर्दी

एक व्यावहारिक गोष्ट दोन्ही बाजूंच्या ध्यानात यावी. ऑलिंपिक समितीने जून २०२३ मध्ये जुन्या जागतिक बॉक्सिंग संघटनेची मान्यता काढून घेतली, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत बॉक्सिंग असेल की नाही हे मार्च २०२५ पर्यंत लटकलेलेच होते. धागालेखकांच्या सल्ल्याप्रमाणे सारा पैसा तिकडे वळवला असता, तर ती दोन वर्षे त्या मुलामुलींनी कशाच्या भरवशावर सराव केला असता, याचे उत्तर त्यांनी द्यावे.