मास मीडियाच्या डिग्रीसाठी १२ लाखांचं लोन काढावं का? मुलगी हट्टाला पेटलीये

मिरजेची_आई:
नमस्कार. मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली, ७८ टक्के. तिला मास कम्युनिकेशनच करायचंय, दुसरं काही नकोच म्हणते. पुण्यातल्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत सिलेक्शन झालंय, फी आणि होस्टेल धरून वर्षाला ४ लाख, म्हणजे तीन वर्षांचे १२. मिस्टर एसटीत आहेत, मी घरी शिवणकाम करते, एवढे पैसे आमच्याकडे नाहीत हे उघड आहे. बँकवाले म्हणतात साडेसात लाखांच्या वर तारण लागेल, म्हणजे राहता फ्लॅट. कॉलेजच्या काउन्सेलर मॅडमनी हायेस्ट पॅकेज सांगितलं, बाकीच्यांना किती मिळतं विचारलं तर म्हणाल्या ते स्टुडंटवर डिपेंड असतं. पोरगी खरंच हुशार आहे हो, गल्लीतल्या गणपतीचा व्हिडिओ तिने एकटीने केला, जुन्या मोबाइलवर, आजीला बोलतं केलं त्यात, मंडळाची पोरं अजून तो पाठवतात एकमेकांना. तिचं मन मोडायचं नाहीये पण रात्री झोप लागत नाही. या लाइनमधल्या लोकांनी खरं काय ते सांगा.

डेस्कवरचा_दादा:
ताई, मी मराठी पेपरमध्ये उपसंपादक आहे, नऊ वर्षं झाली. पहिला पगार ११ हजार होता आणि त्यातले साडेचार पुण्यात कॉट बेसिसवर जायचे, रात्री दीडला पान छपाईला सोडून चालत रूमवर यायचो कारण रिक्षा परवडायची नाही. आज ३४ हजार आहेत. माझ्यावर लोन नव्हतं म्हणून मी टिकलो हे अगदी मनापासून सांगतो, माझ्या बॅचचे दोघं हुशार होते माझ्यापेक्षा पण हप्ता भरायचा म्हणून एक वर्षात फील्ड सोडून कॉल सेंटरला गेले. तालुक्याच्या वार्ताहरांचं तर विचारूच नका, कित्येकांना फिक्स पगारच नसतो, जाहिराती आणल्या तर कमिशन. मुलीला या लाइनमध्ये येऊ द्या, नक्की येऊ द्या, पण डोक्यावर कर्ज घेऊन नको. पहिली तीन-चार वर्षं शिकण्याची असतात आणि तेव्हाच हप्ता सुरू होतो.

रिटायर्ड_बँकर_सातारा:
मी कर्ज विभागात होतो म्हणून हिशोब मांडतो. दरवर्षी ४ लाख उचलले, व्याज १०.५ टक्के धरलं. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो पण व्याज चालू असतं हे लोक विसरतात. पहिल्या ४ लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन, सरळव्याजानेच ३ लाख ७८ हजार होतात. म्हणजे १२ चे १५ लाख ७८ हजार झाले आणि दहा वर्षांचा हप्ता साधारण २१,३०० रुपये. पंधरा वर्षं केलीत तर १७,४०० च्या आसपास पण एकूण भरणा ३१ लाखांवर जातो. वरच्या दादांचा पहिला पगार आणि हा हप्ता शेजारी शेजारी लिहून बघा. घ्यायचंच असेल तर दर महिन्याचं व्याज तेव्हाच भरत जा, पहिल्या वर्षी ३,५०० दुसऱ्या वर्षी ७,००० असं, मग मुद्दल १२ वरच राहतं आणि हप्ता १६,२०० वर येतो. मुलींना बऱ्याच सरकारी बँका अर्धा टक्का सूट देतात ती मागून घ्या. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ८ लाखांपर्यंत कुटुंबाचं उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती संस्था त्यांच्या यादीत असायला हवी, हे आधी बघा. राहता फ्लॅट मात्र गहाण टाकू नका, मी जप्तीच्या नोटिसा स्वतः नेऊन दिल्यात, त्या घरातल्या बायांचे चेहरे मला अजून आठवतात.

अंधेरी_एजन्सी:
दादांचं पेपरपुरतं खरं आहे पण कम्युनिकेशन म्हणजे फक्त पेपर नाही ना, मी पीआरमध्ये म्हणजे जनसंपर्कात आहे, सुरुवात २२ हजारांवर झाली आणि चार वर्षांत ५५ वर आले, कॉर्पोरेट कम्युनिकेशनला अजून चांगलं असतं. तरी सांगते, इंटरव्ह्यूला मला डिग्री कुठली हे एकदाच विचारलं, आणि लिहिलेलं दाखव हे प्रत्येक वेळी विचारलं. मी मुंबई युनिव्हर्सिटीची मास मीडियाची डिग्री, बीएमएम, केली, आता त्याला बीएएमएमसी म्हणतात, रुईयासारख्या कॉलेजात फी लाखांत जात नाही. तुमच्या कॉलेजला एक करा, वेबसाइटवर एनआयआरएफचा, म्हणजे सरकारी कॉलेज रँकिंगचा, डेटा शोधा, त्यात किती पोरं पास झाली, किती प्लेस झाली आणि मीडियन पगार (सगळे पगार ओळीने लावले तर मधोमध येणारा) किती हे असतं. फक्त तो तीन वर्षांच्या सगळ्या कोर्सेसचा एकत्र असतो, तेव्हा मीडियाचा वेगळा आकडा लेखी मागा, आणि देत नसतील तर तिथे १२ लाख देऊ नका.

डेस्कवरचा_दादा:
हे बरोबर, पीआरचं मला माहीत नव्हतं. अजून एक, सांगलीत विलिंग्डन कॉलेजला बीए करू दे, घरचं जेवण घरचा डबा, आणि तीन वर्षं तिला लोकल बातम्या, व्हिडिओ करू देत. मग पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट किंवा अमरावतीची आयआयएमसी, दोन्ही पत्रकारितेच्या संस्था, त्यांची एंट्रन्स द्यायची. आमच्या डेस्कवर रानडेची चार पोरं आहेत, चौघंही कर्जाशिवाय आलेत. आणि इंग्लिश पक्कं करून घ्या, मराठी-इंग्लिश दोन्ही लिहिणारं माणूस आम्हाला शोधून सापडत नाही.

मिरजेची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. बँकर काकांचा हिशोब वहीत उतरवून तिच्यासमोर ठेवला, आधी रडली, मग २१,३०० ला स्वतःच गोल केला आणि विचारलं की बाबांचा पगार किती आहे. आजवर आम्ही तिला कधी सांगितलाच नव्हता. आज सकाळी कॉलेजला मीडियन पगाराचा मेल तिनेच टाकलाय, इंग्लिशमध्ये. विलिंग्डनचा फॉर्म पण भरून ठेवतोय. अंधेरीवाल्या ताई, तिने काय काय लिहून ठेवायला सुरुवात करावी ते जरा सविस्तर सांगाल का, ती शेजारी बसलीये.