मदत हवी आहे: बाथटब स्वतः बदलावा की प्लंबर बोलवावा? (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

एडिसनजवळ आमचं साठच्या दशकातलं घर आहे. वरच्या मजल्यावर एकुलती एक बाथरूम आणि तिच्यात त्या काळाच्या फॅशनचा गुलाबी टब. बिडाचा, वरून इनॅमल. ड्रेनभोवतीचं इनॅमल उडून गंज चढलाय, घासून जात नाही. जूनमध्ये सासूबाई येतायत, त्याआधी तो काढायचाय.

एका प्लंबरने टबाच्या किमतीच्या चौपट मजुरी सांगितली, वर "टाइल्सचं आम्ही करत नाही" हेही. दुसरा फोनच उचलत नाही. सिंकचा ट्रॅप (खालचा वळणाचा पाइप), कमोड, नळ हे सगळं घरात मीच बदललंय, त्यामुळे हात शिवशिवतायत. नवरा म्हणतो, "बाई गं, हे कमोडएवढं सोपं नाही."

टब ६० बाय ३० इंची, तीन भिंतींच्या मधे. समोर उभं राहिलं की ड्रेन डाव्या हाताला. नळाच्या भिंतीमागे कपाट आहे, तिथली फळी काढली की पाइप दिसतात. नवा अ‍ॅक्रिलिकचा घ्यायचा विचार आहे. यातलं कुठलं काम आपण करावं आणि कुठे हात जोडावेत?

– चिमणराणी

खटपट्या:
फळी आहे म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. ती नसती तर सरळ प्लंबर बोलवा म्हटलं असतं.

पण टबापेक्षा भिंत जास्त त्रास देते. टबाची उभी कड टाइल्सच्या मागे जाते, त्यामुळे खालच्या एक-दोन ओळी तरी काढाव्याच लागतात. त्या काळच्या घरांत टाइल्स बऱ्याचदा जाळीवरच्या जाड सिमेंटात बसवलेल्या असतात. तिथे दोनच ओळी अलगद काढू म्हणाल तर विसरा. तिन्ही भिंती उघडायच्या हे धरूनच बजेट करा.

बिडाचा टब तीनशे पौंडांच्या आसपास भरतो. अख्खा जिन्यावरून उतरवायच्या फंदात पडू नका, जागेवरच फोडा. वर जुनी गोधडी टाकायची आणि घणाने हाणायचं. गॉगल, कानाला मफ, जाड हातमोजे हवेतच. इनॅमलच्या कपच्या काचेसारख्या उडतात. एवढ्यासाठी प्लंबरला पैसे देऊ नका. फक्त फरशी किंवा तिचा जुना गोंद उखडावा लागणार असेल, तर आधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या.

ओहायोकर:
फोडण्याबद्दल सहमत. ड्रेनला मात्र मी प्लंबरच बोलवेन. नव्या टबाचं ड्रेनचं भोक आणि ओव्हरफ्लो (जादा पाणी जाण्याचं वरचं भोक) जुन्याच जागी येईल याची खात्री नसते. अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी ट्रॅप हलवावा लागतो, आणि इतका जुना पाइप कुठे तुटेल सांगता येत नाही. खाली हॉल असेल तर गळती सिलिंगवर डाग पडल्यावरच कळते.

भिंत उघडतेच आहे तर शॉवरचा जुना व्हॉल्व्हही बदलून घ्या. हल्लीचे प्रेशर बॅलन्सिंगवाले असतात. खाली कोणी फ्लश केलं तरी शॉवरमधून एकदम उकळतं पाणी येत नाही. तेवढंच काम सांगितलंत तर प्लंबर तयार होतो आणि बिलही आवाक्यात राहतं. टब आधी विकत घेऊन ठेवा, प्लंबरला मापं हातात लागतात. ड्रेन डावा की उजवा हे बॉक्सवर बघूनच घ्या.

पर्मिटचं टाउनशिपच्या बांधकाम खात्याला फोन करून विचारा. इथे कोणी सांगितलं त्यावर जाऊ नका, अगदी मी सांगितलं तरी.

वांगीभात:
विषयांतर होईल, पण सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? टबाची कड पंधरा-वीस इंच उंच असते, रोज ती ओलांडायची म्हणजे परीक्षाच. टब काढून सपाट शॉवर करता येईल. पण घरात टब एकच, त्यामुळे पुढे घर विकताना लहान मुलांवाली गिऱ्हाइकं नाक मुरडतील. म्हणून मी टब ठेवेन आणि भिंत उघडी असतानाच स्टड्सच्या (भिंतीतल्या उभ्या लाकडांच्या) मधे आडवे लाकडी ठोकळे घालून घेईन, ग्रॅब बारसाठी (आधाराला धरायच्या दांड्यासाठी). नुसत्या टाइलवर बसवलेला बार खरा आधार देत नाही. आणि बादली-मग ठेवायला जागा मोजून घ्या, आपल्या माणसांना शॉवर असला तरी ती लागतेच.

चिमणराणी:
वांगीभात, बादलीचं अगदी खरं! गुडघे बरे आहेत, पण ठोकळे नक्की घालणार.

मग असं ठरवतेय: फोडाफोडी आणि टब बसवणं आम्ही, ड्रेन आणि व्हॉल्व्ह प्लंबर, भिंती टाइलवाला. नवऱ्याला घण मिळणार म्हणून तो आता एकदम उत्साहात आहे. एकच शंका, टबाखाली आधाराला मॉर्टार (सिमेंट-वाळूचा थर) घालायचा तो आधी वाळू द्यायचा का?

खटपट्या:
नाही! ओल्या मॉर्टारवरच टब दाबून बसवायचा आणि लगेच लेव्हल बघायची. वाळेपर्यंत आत कोणी उभं राहायचं नाही. काही कंपन्या मॉर्टार नको म्हणतात, तेव्हा आधी टबासोबतचा कागद वाचा. ड्रेनला प्लंबर्स पुटी (सांधा बंद करायची मऊ लांबी) चालते की सिलिकॉन तेही त्यातच असतं, अ‍ॅक्रिलिकला पुटी बऱ्याचदा चालत नाही.

भिंती बंद करण्याआधी टब ओव्हरफ्लोपर्यंत भरा आणि एकदम सोडा. एकाने कपाटात टॉर्च घेऊन बसायचं. टाइल्स झाल्यावर कडेचं सिलिकॉनही टब भरलेला असताना लावा, वजनाने तो जरा खाली बसतो. रिकाम्या टबाला लावलं तर पहिल्याच आंघोळीला फट पडते.