मदत हवी आहे: गस्तीची नवी पद्धत उपयोगी ठरली, हे वरिष्ठांना कसे दाखवावे?

सीमेवरचा_फौजदार
मी बेळगाव जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक आहे. दोन महिन्यांपूर्वी मी रात्रगस्तीची पद्धत बदलली आणि तिचा उपयोग झाला, असे हवालदारांपासून दुकानदारांपर्यंत सगळे सांगतात. मात्र सी.पी.आय. (मंडल पोलीस निरीक्षक) साहेबांचे म्हणणे असे की पुरावा असेल तरच ही पद्धत शेजारच्या ठाण्यांना सांगता येईल. गुन्हे आढावा बैठक आठ दिवसांवर आली आहे. पुराव्यावर आधारित पोलीसकामावर प्रशिक्षणात एक व्याख्यान ऐकले होते, पण अहवाल कसा लिहायचा ते कोणी शिकवले नाही. तयार नमुना असल्यास कृपया आजच द्यावा.

आकडेमोड_बेळगाव
साहेब, मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. नमुना देण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. कोणता गुन्हा कमी झाला? पद्धतीत नेमका कोणता बदल केला? किती ठिकाणी केला, आणि ती ठिकाणे कशी निवडली?

निवृत्त_हवालदार_कागल
मी कोल्हापूर जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली आहे. सीमाभागातील चोरी महामार्गावरच पकडली जाते. कोगनोळीच्या बाजूला रोज रात्री ठरलेल्या जागी नाकाबंदी लावा आणि खबरे सांभाळा. यापलीकडे कोणत्याही अहवालाची गरज पडणार नाही.

कोडवाला_टिळकवाडी
गस्तीच्या प्रत्येक गाडीत जीपीएस बसवून नकाशावर रंगीत ठिपके दाखवले, तर बैठकीत कोणीही प्रश्न विचारणार नाही. असे ॲप मी पंधरा दिवसांत तयार करून देऊ शकतो, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत.

सीमेवरचा_फौजदार
ॲप नको, नाकाबंदीही नको. गुन्हा अर्थातच मोटारसायकल चोरीचा आहे. पूर्वी गस्तीचा हवालदार सगळ्या पॉइंटवर जाऊन वहीत सही करत असे. आता बसस्थानक, सरकारी दवाखाना, दोन मंगल कार्यालये, कारखान्याचे फाटक आणि बाजारगल्ली या सहा ठिकाणी प्रत्येकी पंधरा मिनिटे थांबायचे, आणि क्रम रोज बदलायचा, असे ठरवले आहे. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये जेथे सर्वांत जास्त चोऱ्या झाल्या, तीच ठिकाणे घेतली. त्या दोन महिन्यांत अकरा गाड्या गेल्या होत्या, नंतरच्या दोन महिन्यांत चार. याहून अधिक पुरावा कोणता हवा?

आकडेमोड_बेळगाव
आपली पद्धत चांगल्या पायावर उभी आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये 1972-73 साली पंधरा बीटांचे, म्हणजे गस्तीच्या भागांचे, तीन गट करून पाहिले होते. एका गटात नेहमीची गस्त ठेवली, दुसऱ्यात वाढवली आणि तिसऱ्यात बंद करून फक्त बोलावणे आल्यावर जायचे ठरवले. गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे शर्मन आणि वाईसबर्ड या गुन्हेशास्त्रज्ञांनी मिनियापोलिसमध्ये गुन्ह्यांची 110 नेमकी ठिकाणे निवडून त्यांतील निम्म्या ठिकाणी गस्त वाढवली, तेव्हा तेथून येणाऱ्या गुन्ह्यांच्या तक्रारी घटल्या. एका जागी दहा ते पंधरा मिनिटे थांबणे सर्वांत उपयोगी पडते, हेही नंतर त्याच शहरातील नोंदींवरून कोपर यांनी 1995 साली मांडले.

अडचण आपल्या आकड्यांत आहे. सर्वांत वाईट दोन महिन्यांतील सर्वांत वाईट सहा जागा आपण निवडल्या. अशा जागा काहीही न करता सोडून दिल्या असत्या, तरी पुढच्या दोन महिन्यांत बहुधा कमीच चोऱ्या झाल्या असत्या, कारण कमाल पातळीला गेलेला आकडा आपोआपही खाली येतो. अकराचे चार झाले त्यात गस्तीचा वाटा किती आणि या उताराचा किती, हे केवळ या दोन आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. मागील तीन वर्षांतील याच महिन्यांच्या फिर्यादी काढा, आणि नवी गस्त नसलेल्या शेजारच्या ठाण्यात चोऱ्या घटल्या की नाही तेही पाहा.

निवृत्त_हवालदार_कागल
कॅन्सस सिटीत ऊसगाड्यांची रांग लागत नाही, सर. आमच्याकडे गाळपाचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या अनोळखी टोळ्या येतात आणि चोऱ्या वाढतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

खानापूरची_वकील
काका, हंगामात चोऱ्या वाढतात हे खरे असेलही, पण त्या ऊसतोड मजूर करतात हे त्यातून सिद्ध होत नाही. अटक झालेल्यांची नोंद ठाण्यातच असते, ती मोजा. न मोजता एखाद्या टोळीच्या खोपटांवर रात्री धाड घालणे मी जवळून पाहिले आहे आणि त्या माणसांचे हाल फार वाईट होतात.

फौजदार साहेब, माझी काळजी वेगळी आहे. बैठकीत कमी आकड्याचे कौतुक होऊ लागले की ठाण्यात फिर्याद घेणे टाळले जाते. विम्याच्या दाव्यासाठी एफ.आय.आर. लागते, म्हणून नव्या गाड्यांची नोंद होते. पण खेड्यांतील जुन्या गाड्यांना चोरीचा विमा नसतो आणि त्यांच्या मालकाला 'दोन दिवस शोधा, मग या' असे सांगून परत पाठवले जाते. मध्य प्रदेशात 180 ठाण्यांवर महिला मदत कक्षांचा प्रयोग झाला, त्यात नोंदवलेली प्रकरणे वाढली आणि ती वाढ हेच यश मानले गेले. आपल्या अहवालात चोऱ्यांबरोबर परत पाठवलेल्या तक्रारींचीही नोंद असावी.

रायबागचा_शेतकरी
चोरीची गाडी सापडल्यावर ती सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 451 किंवा 457 खाली होत असे. आता नागरिक सुरक्षा संहितेची कलमे 497 आणि 503 आहेत. आरसी आणि विम्याची मूळ कागदपत्रे जवळ ठेवावीत.

आकडेमोड_बेळगाव
माहिती उपयोगी आहे, पण येथे प्रश्न गस्तीचा आहे. ठरलेल्या जागेवरील नाकाबंदीबद्दल काकांना एक सांगतो. राजस्थानात दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध असाच प्रयोग झाला. एकाच जागी लावलेल्या नाक्यांचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. जागा बदलत लावलेल्या नाक्यांमुळे मात्र रात्रीचे अपघात सुमारे 17 टक्क्यांनी घटले. लोक ठरलेल्या नाक्याला वळसा घालून जायला लवकर शिकतात.

निवृत्त_हवालदार_कागल
वळसा घालतात हे मान्य आहे; आमच्याकडे नदीकाठच्या पाणंदीने जात असत. परंतु मला फौजदारांना एकच विचारायचे आहे. तुमची गस्त सुरू झाली त्याच सुमारास कोणी चोर पकडला गेला होता का?

सीमेवरचा_फौजदार
हो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हद्दीपलीकडच्या ठाण्याने दोघांना पकडले आणि त्यांच्याकडे आमच्या हद्दीतील तीन गाड्या मिळाल्या. ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहिले नव्हते.

आकडेमोड_बेळगाव
काकांनी नेमके तेच विचारले, जे मी विचारायला हवे होते. आता घट होण्याची तीन कारणे समोर आहेत: गस्त, अटक आणि नैसर्गिक उतार.

माझी सूचना अशी आहे. बैठकीत 'सिद्ध झाले' असे म्हणू नका. पुढील चार महिन्यांच्या चाचणीची परवानगी मागा. बीट हवालदारांना बसवून चोरीच्या जागांची यादी करा. सारख्या वाटणाऱ्या दोन-दोन जागांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीत नवी गस्त आधी कोणाला मिळेल ते नाणे टाकून ठरवा. दोन महिन्यांनी अदलाबदल करा. पुन्हा कोणी पकडला गेला, तर त्याचा परिणाम दोन्ही बाजूंवर जवळपास सारखाच पडेल.

निवृत्त_हवालदार_कागल
म्हणजे निम्म्या जागा जाणूनबुजून उघड्या ठेवायच्या? उद्या तेथे गाडी गेली, तर मालकाला नाणे दाखवायचे का?

आकडेमोड_बेळगाव
उघडी कोणतीच जागा राहणार नाही, काका. तेथे जुनी गस्त आणि वहीतील सही चालूच राहील. मनुष्यबळ सगळीकडे पुरत नाही, म्हणून निवड आजही होतेच. एका ठाण्याच्या चोऱ्या मात्र इतक्या थोड्या असतात की ठाम निष्कर्ष निघणार नाही. चार-पाच ठाणी एकत्र आली तरच काही सांगता येईल, आणि त्यासाठी सी.पी.आय. साहेबांची गरज आहे.

खानापूरची_वकील
चोरी हद्दीपलीकडे सरकली, तर कर्नाटकच्या दप्तरात ती घट म्हणून दिसेल. कागल आणि मिरजेच्या बाजूचे आकडे मागवल्याशिवाय सीमाभागातील अशी चाचणी पूर्ण होणार नाही.

निवृत्त_हवालदार_कागल
आणि मध्येच बदली झाली की नवा अधिकारी जुनी वही पुन्हा सुरू करतो. ती व्यवस्था आधी करा.

आकडेमोड_बेळगाव
अगदी बरोबर. अर्थतज्ज्ञ बॅनर्जी व डुफ्लो आणि भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी नीना सिंग यांच्या सहभागाने राजस्थानातील 11 जिल्ह्यांच्या 162 ठाण्यांत सुधारणांची चाचणी झाली होती. प्रशिक्षण देणे आणि बदल्या थांबवणे यांचा उपयोग दिसला. साप्ताहिक सुट्टी आणि कामांची आलटून-पालटून वाटणी यांसारख्या गोष्टी, ज्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडल्या होत्या, त्या नीट राबवल्याच गेल्या नाहीत. म्हणून हवालदार खरोखर पंधरा मिनिटे थांबला की नाही याची नोंद ठेवा. कोडवाला साहेबांचे जीपीएस येथे कामाला येईल.

सीमेवरचा_फौजदार
मला नमुना हवा होता आणि हाती चार महिन्यांचे काम आले. पण अकरा आणि चार हे आकडे घेऊन मी साहेबांसमोर उभा राहणार नाही. तीन वर्षांच्या फिर्यादी लेखनिकाकडून कन्नडमध्येच काढून घेत आहे. जागांची यादी आज हवालदारांसोबत केली. बारा जागा झाल्या आणि त्यांतील तीन माझ्या सहांमध्ये नव्हत्याच. जुन्या पोलीस लाइनजवळची एक जागा तर मला माहीतही नव्हती. काका, कागलकडील ठाण्यातून आकडे मिळण्यासाठी पत्र कोणाच्या नावे लिहावे, तेवढे सांगा.

निवृत्त_हवालदार_कागल
पत्र तुमच्या एस.पी. कार्यालयातून कोल्हापूरच्या एस.पी. कार्यालयाकडे जाऊ द्या. त्याची एक प्रत स्वतः घेऊन ठाण्यात या; गुन्हे लेखनिकाला कोठली वही काढायची ते मी सांगतो.