जीआरईचे शब्द : वहीत अर्थ पाठ आहे, प्रश्नात मात्र चुकतो

पाणलोट यांचा प्रश्न

नमस्कार. जीआरई, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, देऊन झालेल्यांना, त्यातही दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना विचारायचं आहे.

मी परभणी जिल्ह्यातली. आधी जिल्हा परिषदेची शाळा, मग तालुक्याच्या गावचं हायस्कूल. सिव्हिलची पदवी घेतली आणि गेली तीन वर्षं पुण्यात बंधारे आणि पाणलोटाची कामं आखणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. जलविज्ञानात एमएस करायचं आहे. सहा विद्यापीठांतले विभाग निवडलेत. चौघांनी जीआरई ऐच्छिक केली आहे, दोन अजून स्कोअर मागतात, आणि मला मनापासून हवेत ते हेच दोन. परीक्षा 11 आठवड्यांवर आली आहे.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या मोफत सराव परीक्षांपैकी पहिली परवा दिली. क्वांट म्हणजे गणिताच्या भागात 164, व्हर्बल म्हणजे इंग्रजीच्या भागात 144.

मेहनत कमी पडते असं नाही. 200 पानी वही केली आहे, डावीकडे शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ. 640 शब्द झाले. सकाळी साडेपाचला उठून वाचते, कात्रजहून बसने जाताना वाचते. खोलीतली मैत्रीण कुठलंही पान उघडून विचारते, मी अर्थ सांगते. दहातले नऊ बरोबर येतात. प्रश्न समोर आला की तेच शब्द अनोळखी होतात.

दोन उदाहरणं देते. सेंटेन्स इक्विव्हलन्सच्या प्रश्नात रिकाम्या जागी बसून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द सहा पर्यायांतून निवडायचे असतात. एका प्रश्नात लोक्वेशस, गॅर्युलस आणि व्हर्बोस असे तिन्ही होते. वहीत तिघांपुढे मी "बडबड्या" लिहिलंय. कुठले दोन घ्यायचे ते कळेना. दुसऱ्या एका प्रश्नात "टेम्पर" हा शब्द होता. टेम्पर म्हणजे राग, इथे रागाचा काय संबंध, म्हणून तो पर्याय सोडला. उत्तर तेच होतं.

मी एका क्लासला दीड महिना गेले. तिथे रोज 50 शब्दांची चाचणी असायची. मी वर्गात पहिली यायचे, म्हणून 144 जास्त लागलं. माझी पद्धत चुकते की इंग्रजीचा पायाच कच्चा आहे, हे मला नीट कळून घ्यायचं आहे. पायाच कच्चा असेल तर तेही स्पष्ट सांगा.

---

शब्दवेडा

पाया कच्चा असता तर ही नोकरी तुम्ही केलीच नसती, ती शंका काढून टाका.

एक करा, वही बंद करून अँकी हे ॲप घ्या, अँड्रॉइडवर फुकट आहे. आलेला शब्द ते लांबच्या दिवसावर ढकलतं आणि चुकलेला लगेच परत समोर आणतं. वहीत आपण पहिली 20 पानंच पुन्हा पुन्हा वाचत राहतो, शेवटची कोरी राहतात. मी रोज 25 नवे शब्द घ्यायचो, पण आधी त्या दिवशीची उजळणी संपवायची आणि मगच नवे, हा नियम कधी मोडला नाही.

घड्याळाचा सरावही आतापासून करा. व्हर्बलचे दोन भाग असतात, 12 प्रश्नांना 18 मिनिटं आणि 15 प्रश्नांना 23. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका.

---

अक्षरओळख

पाणलोट, मी वयाने मोठी आहे म्हणून तुला तू म्हणते.

ॲपचा सल्ला चांगलाच आहे, पण तुझं दुखणं वेगळ्या जागी आहे. तुला शब्द आठवतो, पण त्याच्यासमोर लिहिलेला अर्थच अपुरा आहे. ॲपमध्ये "गॅर्युलस म्हणजे बडबड्या" असंच भरलंस तर तोच अपुरा अर्थ जास्त पक्का होईल.

मीही मराठी माध्यमातली, सावंतवाडीची. 2022 च्या ऑगस्टमध्ये परीक्षा दिली, सध्या ओहायोत पीएचडी करते. पहिल्या सरावात व्हर्बल 147 आलं होतं, खऱ्या परीक्षेत 159. मधल्या चार महिन्यांत जे झालं ते सविस्तर सांगते.

बाबा निवृत्त मराठी शिक्षक. इंग्रजी वाचतात, पण या परीक्षेबद्दल त्यांना काही माहिती नव्हतं. मी तेव्हा मुंबईत राहायचे आणि रोज रात्री जेवणानंतर त्यांना फोन करायचे. एकदा सहज म्हटलं, "बाबा, एखादा माणूस सरळ होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, ऐकणाऱ्याला जाणूनबुजून संभ्रमात ठेवतो, त्याला आपण काय म्हणतो?" ते लगेच म्हणाले, "नरो वा कुंजरो वा." मला हवा होता तो शब्द इक्विव्होकेट. वहीत मी "संदिग्ध बोलणे" लिहिलं होतं आणि तो शब्द तीनदा विसरले होते. त्या रात्रीनंतर कधी विसरले नाही. त्यात खोटं न बोलता फसवणं आहे, आणि ते "संदिग्ध" या शब्दात येत नाही.

मग रोजचाच नेम झाला. मी इंग्रजी शब्द सांगायचेच नाही, फक्त प्रसंग सांगायचे. काम केलं, पण मन नव्हतं, नुसतं उरकलं : "पाट्या टाकल्या." हे झालं पर्फंक्टरी. सगळ्यातून नेमकं तेच हवं असतं, सहज काही पसंत पडत नाही : "चोखंदळ." हे फॅस्टिडियस. मी म्हटलं, मग मेटिक्युलस? तर म्हणाले, "तो काटेकोर. काटेकोर माणसाचं लक्ष कामात असतं, चोखंदळाचं स्वतःच्या आवडीनिवडीत." असा फरक मला कुठल्याच यादीत मिळाला नव्हता.

आता तुझे बडबडे वेगळे करू. लोक्वेशस म्हणजे बोलघेवडा, त्याला बोलायची हौस आहे आणि शब्दात फारशी निंदा नाही. गॅर्युलस वटवट करतो, तीही क्षुल्लक गोष्टींवर, आणि ऐकणारा कंटाळतो. व्हर्बोस म्हणजे पाल्हाळीक. हा शब्द माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या लिहिण्याबोलण्याला जास्त लागतो, अहवाल व्हर्बोस असतो. व्हॉल्युबलच्या तोंडून शब्द भराभर, न अडखळता येतात. गप्प बसणारेही असेच वेगवेगळे. लॅकॉनिक मोजक्या शब्दांत पुरतं सांगतो, टॅसिटर्न स्वभावानेच अबोल असतो, आणि रेटिसंट हातचं राखून बोलतो. पैशाचंही तसंच आहे. फ्रूगल आणि पार्सिमोनियस या दोन्हींपुढे "कमी खर्च करणारा" लिहिलंस तर गेलीस, कारण पहिला काटकसरी आहे आणि दुसरा कवडीचुंबक. वाक्यात त्या माणसाचं कौतुक चाललंय की त्याला नावं ठेवताहेत, यावर उत्तर ठरतं.

म्हणून प्रत्येक शब्दाला मी तीन प्रश्न विचारायचे : हे कौतुक की निंदा? कोणाबद्दल किंवा कशाबद्दल वापरतात? याच्या शेजारचा शब्द कोणता आणि तो इथे का चालत नाही? त्यामुळे दिवसाला जेमतेम 12 शब्द व्हायचे. तुझ्या क्लासमधल्या 50 पेक्षा ते 12 मला जास्त कामाला आले. 2011 च्या ऑगस्टपर्यंत या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द सुटे विचारायचे. तेव्हा एका शब्दाला एक अर्थ, या घोकंपट्टीवर गुण मिळत. ते प्रश्न गेले, पण कित्येक याद्या आणि शिकवण्याच्या पद्धती तिथेच राहिल्या. आज शब्द वाक्यात बसतो का, एवढंच विचारलं जातं.

टेम्परचं म्हणशील तर या परीक्षेत सोपे दिसणारे शब्दच जास्त चुकतात, पण इथे तू इतरांच्या पुढे आहेस. कडक केलेलं पोलाद ठिसूळ राहू नये म्हणून त्याचं टेम्परिंग करतात, हे तू शिकली असशील. तोच अर्थ इथे आहे : तीव्रता उतरवणं. उत्साहाला वास्तवाने टेम्पर केलं जातं. तू बंधारे आखतेस, मग चेक डॅम काय करतो? पाणी अडवतो. परीक्षेतला "चेक" तोच, रोखणं. इमारतीवरचा लाइटनिंग अरेस्टर घे, अरेस्ट म्हणजे अटकाव. तू रोज वापरतेस ते शब्द कॉलेजात पाठ केलेल्या पहिल्या अर्थाखाली दबून गेलेत. अजून एक, "क्वालिफाय" म्हणजे आपल्याच विधानाला मर्यादा घालणं, "हे खरं, पण फक्त अमुक परिस्थितीत." हा फार येतो.

आणि एक पुस्तक सांगते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पूर्ण आहे, फुकट. "लाघवी", "खट्याळ", "आडमुठा" असा ओळखीचा मराठी शब्द शोध आणि त्याच्यापुढचं इंग्रजी वाच. एका मराठी शब्दाभोवती चार-पाच इंग्रजी शब्द मिळतात, आणि मूळ छटा आपल्या भाषेतली असल्याने फरक आपोआप दिसतो. मात्र ती एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी आहे, तेव्हा प्रत्येक शब्द आजच्या कोशात ताडून घे.

तुझी मराठी चांगली आहे, हे तुझ्या प्रश्नावरूनच दिसतं. तीच वापर.

---

पाणलोट

ताई, तुमचं उत्तर बसमध्ये दोनदा वाचलं. चेक डॅमचं वाचून उतरायचा थांबा चुकला. इतकी वर्षं आराखड्यांवर तो शब्द लिहितेय आणि कधी त्याच्याकडे शब्द म्हणून पाहिलं नाही.

काल रात्री वहीतले 10 शब्द नव्याने लिहिले. तीन इथे तपासायला देते :

एक्झॅसर्बेट : आगीत तेल ओतणं.
इन्सिपिड : अळणी. जेवणही आणि भाषणही.
एनर्व्हेट : अंगात जोर आणणं.

तिसऱ्याबद्दल खात्री नाही. एनर्जीसारखा वाटला म्हणून लिहिला.

---

मंदाक्रांता

पहिले दोन उत्तम. तिसरा बरोबर उलटा आहे. लॅटिनमध्ये नर्व्हस म्हणजे स्नायुबंध, आणि सुरुवातीचा "ए" म्हणजे बाहेर. कोणी अंगातला स्नायूच काढून घेतला तर माणसाचं काय होईल? गळून जाईल. एनर्व्हेट म्हणजे गलितगात्र करणं. चैत्रातल्या दुपारी शेतावर उभं राहिल्यावर जे होतं ते.

मी संस्कृत शिकवते, म्हणून एक वाट दाखवते. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या, आणि या परीक्षेतले बरेच कठीण शब्द लॅटिनमधून आलेत. शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरु केलं असेल. आपला गुरु आणि लॅटिन ग्रॅव्हिस सख्खे, आपला लघु आणि लॅटिन लेव्हिस सख्खे. म्हणून ग्रॅव्हिटी म्हणजे गांभीर्य आणि लेव्हिटी म्हणजे नको तिथे केलेला हलकेपणा. ॲग्रव्हेट म्हणजे भार वाढवणं, अलिव्हिएट म्हणजे भार हलका करणं. प्रॉजेनी पाहा : "प्रो" तो आपला "प्र", "जेन" तो आपला "जन्". झाली की नाही प्रजा?

दुसरं कुटुंब वैद्यकातलं. आपल्याकडे वात-पित्त-कफ, तसे जुन्या युरोपात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे शरीरातले चार द्रव मानत. रक्त जास्त तो सँग्विन, म्हणजे आशावादी आणि प्रसन्न. कफ जास्त तो फ्लेगमॅटिक, थंड, सहसा न हलणारा. पित्त खवळलेला तो कोलेरिक, शीघ्रकोपी. काळं पित्त वाढलं की मेलँकलिक, खिन्न. रक्त आठवून सँग्विनला "रक्तपिपासू" म्हणू नकोस, तो सँग्विनरी.

व्युत्पत्तीने शब्द लक्षात राहतो, पण आजचा अर्थ तिच्यावरून ठरवायचा नाही. अक्षरओळख यांचे तीन प्रश्न त्यासाठी आहेतच.

---

पाणलोट

रविवारी आईला फोन केला. आई चौथी शिकलेली. ताईंसारखं विचारून पाहिलं : "सांगितलेलं ऐकायचंच नाही, उलट जास्तच अडून बसायचं, अशाला काय म्हणायचं गं?" आई म्हणाली, "अडेलतट्टू. तुझ्या आजोबाचं होतं एक, ओझं ठेवलं की मागच्या पायानं झाडायचं." मग बराच वेळ त्या तट्टाच्या गोष्टी सांगत बसली. मला हवा होता तो शब्द रिकॅल्सिट्रंट.

आता रोज रात्री नऊला फोन करायचं ठरलंय. आई म्हणते, उद्या काय विचारणार ते आजच सांग, दिवसभर आठवून ठेवते. दुसरी सराव परीक्षा पुढच्या महिन्यात देईन, स्कोअर इथेच लिहीन.

---

मंदाक्रांता

आईंना अवश्य सांग, रिकॅल्सिट्रंटच्या पोटात लॅटिन "कॅल्क्स" आहे, म्हणजे टाच. मूळ अर्थ मागे लाथ झाडणं.